दहा मिनिटं पुढं

मित्रांनो, मी एक जुना, काळा डबा आहे. कडेला थोडा गंजलोय आणि पोटात कागदाचं भेंडोळं अडकलंय. समोर काच आहे, तिच्यामागे पूर्वी लाल आकडे लुकलुकायचे. आज तुमच्यापैकी पुष्कळांना मी कशाला होतो हेही कळणार नाही. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते लोक दुकानात येऊन परगावी बोलत, आणि ते किती वेळ बोलले, त्याचे किती पैसे झाले हे सांगणारा मी. बोलणं संपलं की कर्र कर्र करून चिठ्ठी छापून द्यायचो. माझी चिठ्ठी म्हणजे शेवटचा शब्द. एकदा मात्र माझ्याच चिठ्ठ्यांनी एका भल्या बाईला चोर ठरवलं होतं. ते सांगून मोकळं व्हावं म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात, १९९८ साली. एका अरुंद कारखान्यात पत्रा कापून माझं अंग केलं, पाठीला वायरींची भोकं पाडली आणि पोटात बटणाएवढा एक सेल बसवला. माझं घड्याळ त्या सेलावर चाले. वीज गेली तरी वेळ चुकायची नाही, याचा मला फार तोरा होता. मला वाटे, आपण एखाद्या मोठ्या शहरात, काचेच्या दुकानात जाऊन बसणार. बसलो इचलकरंजीत, यंत्रमागांच्या एका गल्लीच्या तोंडाशी, सहा बाय आठच्या खोक्यात. दिवसभर मागांची खडखड इतकी की माझी कर्र कर्र मलाच ऐकू येत नसे.

माझी मालकीण धोंडुबाई. तिचं माहेर मुरगूडचं. माहेराहून आलेली एक दुभती म्हैस तिच्या दारात होती. ती विकून तिनं टेलिफोन कंपनीची अनामत भरली आणि मला घरी आणलं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिनं माझं नाव म्हस ठेवलं. सकाळी कुलूप काढलं की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "चल म्हशे, लाग कामाला." मला आधी राग यायचा. मी अंकगणित करणारा, अन् मला म्हैस? पण रोज फडक्यानं पुसायची, धूळ बसू द्यायची नाही, पावसाळ्यात वर प्लॅस्टिक टाकायची. म्हशीचे एवढे लाड होत असतील तर म्हैस व्हायला काय हरकत आहे, असं मग वाटू लागलं.

तिचा नवरा आकाराम मागांचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. वीस वर्षं त्या खडखडाटात राहून त्याचे कान गेले होते. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो जगाशी ओरडून बोले. गुपित सांगायचं असलं तरी अर्ध्या गल्लीला कळे. त्याच्या मजुरीवर घर भागत नव्हतं आणि त्या खोक्यावर भागत होतं, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे माग चालवणारी पोरं. कुणी गोरखपूरकडचं, कुणी बिहारातलं. त्या वेळी कंपनीच्या दरपत्रकात सकाळी आठपर्यंत दर उतरलेला असे आणि आठला पुरा लागे. संध्याकाळी सातला तो पुन्हा उतरे. त्यामुळे पोरं सकाळी आठाच्या आत येत, रांग लावत, घरी चार शब्द बोलत आणि पळत पाळीवर जात. आठला मागांच्या शेडाचं दार बंद. एक मिनिट उशीर झाला तरी अर्धा दिवस बुडाला.

त्यांतला रामदुलार नावाचा एक पोरगा होता. त्याला मुलगी झाली, तेव्हा तो फोनवर तिचं रडणं ऐकत बसला. नुसतं ऐकत होता. त्याला उठवायला धोंडुबाईचा जीव झाला नाही. तो बाहेर पडला तेव्हा आठ वाजून गेले होते. दार बंद. पायरीवर बसून तो कपाळ चोळत राहिला, आणि धोंडुबाईला ते फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं. तुमच्याही घरी कुणीतरी असं करत असेलच. पण पोरं हुशार. ती माझ्या लाल आकड्यांकडे बोट दाखवत. "मौसी, डब्बे में तो अभी बारह मिनट बाकी है!" मग धोंडुबाईनं मशीन दुरुस्त करणाऱ्या कृष्णातला बोलावलं.

"माझ्या म्हशीचं घड्याळबी धा मिनटं फुडं घे," ती म्हणाली.

"कशाला ओ काकी?"

"तुला काय करायचंय? पोरांची पाळी चुकत्या. घे म्हटलं की घे."

कृष्णातनं चहा पिता पिता माझी चार बटणं दाबली. तेव्हा मला खरं तर ओरडावंसं वाटलं होतं. भिंतीवरचं घड्याळ नुसती वेळ दाखवतं, मी मात्र त्याच वेळेवर दर लावतो, हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून पोरांची पाळी चुकली नाही. पण आठला दहा मिनिटं कमी असताना मी आठ समजून पुरा दर लावू लागलो, आणि संध्याकाळी सातला दहा मिनिटं कमी असतानाच उतरता दर लावू लागलो. सकाळी पोरांकडून जास्त, संध्याकाळी गिऱ्हाइकाकडून कमी. महिन्याच्या बेरजेत दोन्ही एकमेकांत जिरून जायचं. धोंडुबाई कधीमधी म्हणायची, "ह्या म्हैन्याला कंपनीला भरायला पन्नास-साठ रुपयं घरातलं घालावं लागलं, कसं काय कोण जाणं," आणि सोडून द्यायची.

अशी दोन वर्षं गेली. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येई, माझ्या पाठीला वायर लावी आणि महिन्याचे सगळे फोन एका फ्लॉपीत उतरवून नेई. कंपनीच्या दृष्टीनं धोंडुबाई तिची भागीदार होती. फोन कंपनीचा, दुकान बाईचं, आणि वसुलीतला ठरलेला वाटा बाईला. असे शेकडो भागीदार जिल्हाभर. दोघांच्या नोंदी जुळतात की नाही हे पाहायला कंपनीत कुणाला सवड नव्हती. बेरीज जुळली की झालं.

२००१ साली कंपनीला हे काम संगणकावर करायचं सुचलं. असा प्रोग्रॅम विकणारे तेव्हा बरेच झाले होते. पुण्याची एक कंपनी होती, बंगळूरची एक होती, आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एका बेकरीच्या माडीवर दोघांचं एक चिमुकलं ऑफिस होतं. तिथं विद्याश्री प्रोग्रॅम लिहायची आणि तिचा चुलतभाऊ प्रभुलिंग तो विकायचा. घर गडहिंग्लजकडचं, किराणा मालाचे व्यापारी. आपसात अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत. कंपनीनं तिघांनाही एकेका महिन्याच्या नोंदी दिल्या आणि सांगितलं, काय सापडतं ते दाखवा. ज्याचा प्रोग्रॅम चांगला त्याला जिल्ह्याचं काम.

विद्याश्रीचा प्रोग्रॅम बेरजा पाहत नव्हता. कंपनीच्या यंत्रातला एकेक फोन आणि माझ्यासारख्या डब्यातला तोच फोन असे शेजारी ठेवून वेळ न पाहता लावलेल्या नंबरावरून ओळीला ओळ लावत होता. पहिल्याच महिन्यात सगळ्यात वर नाव आलं आमचं. दोनशे बारा फोनांना गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेतलेले!

धोंडुबाईला पत्र आलं. आठ दिवसांत खुलासा करावा, यंत्रासह कोल्हापूरला हजर राहावं, नाहीतर फोन तोडला जाईल आणि अनामत जप्त होईल. शेजारच्या शाळामास्तरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आकारामला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं. त्यामुळे गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतली पोरं चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचू लागली. रामदुलारनंही वाचली. धोंडुबाईनं ते पाहिलं. माझ्या काचेवर फडकं फिरवता फिरवता तिचा हात थांबला, तो थांबलाच.

तिनं मला जुन्या चादरीत बांधलं आणि मांडीवर घेऊन एसटीनं कोल्हापूरला आणलं. शेजारी आकाराम. त्याला दोनला शेडात हजर व्हायचं होतं. वाटेत एकदाच चादरीवरून थाप मारून पुटपुटली, "म्हशे, काय खाल्लंस गं?" मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं तर!

पत्रानं बोलावलं होतं ते त्या बेकरीच्या माडीवर; तिथं खारीचा वास घमघमत होता. टेबलाशी विद्याश्री, शेजारी प्रभुलिंग, आणि खुर्चीत कंपनीचे साहेब. ते बंगळूरच्या लोकांचा प्रोग्रॅम आदल्या दिवशी पाहून आले होते आणि आज इथला पाहणार होते. म्हणजे त्या सकाळी दोघांची परीक्षा होती. एक धोंडुबाईची आणि दुसरी विद्याश्रीची.

"या यादीत दोनशे बारा ओळी आहेत," साहेब म्हणाले. "सगळे गरीब कामगार. परमुलखातल्या पोरांना असं लुबाडायचं?"

"लुबाडायचं?" धोंडुबाई उभी राहिली. "सायेब, म्हस जेवढं सांगती तेवढंच मी घेती. वर चार आणं घेतलं असतील तर ह्या हातानं भाकरी करणार न्हाय."

"म्हस?" साहेबांनी विचारलं.

"ह्यो डबा ओ."

विद्याश्रीला हसू आलं, पण तिनं आवरलं. तिनं चादर सोडली, माझी वायर जोडली आणि वीज सुरू केली. माझे लाल आकडे उजळले. आकारामनं ते पाहिले आणि नेहमीसारखा ओरडला, "साडेबारा वाजलं की गं! दोनला शेडात जायाचंय मला!"

धोंडुबाई वैतागून वळली. तेवढ्याच मोठ्यानं तिनं त्याच्या कानाशी सांगितलं, "दमा की! धा मिनटं कमी धरा. आपलं घड्याळ न्हवं का ते!"

विद्याश्रीचा हात कीबोर्डवरच राहिला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मावशी, काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"काय न्हाय बाळ. त्यास्नी ऐकाय येत न्हाय."

"ते नव्हे. हे घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे? कुणी केलं?"

"मीच केलं. पोरांची पाळी चुकती म्हणून." आणि तिनं रामदुलारची सगळी हकिकत सांगितली. दार बंद झालेलं, पायरीवर बसलेला पोरगा, चहा पिणारा कृष्णात, सगळं. सांगता सांगता तिचा आवाज खाली खाली आला, कारण बाई अडाणी नव्हती. तिच्या ध्यानात आलं होतं. "म्हंजे... आठाच्या आधीच म्हस आठाचा दर लावत हुती? मग पोरांचं पैसं मी खरंच घेतलं की ओ."

ती खाली बसली. आरोप झाला तेव्हा ती भांडली होती. आता मात्र भांडायला कुणी उरलं नव्हतं.

"म्हणजे आरोप खराच निघाला," साहेब म्हणाले. "हेतू काही का असेना, फायदा तर यांचाच झाला."

 विद्याश्री यादी वरून खाली वाचत होती. सगळ्या ओळी सकाळच्या, आठाच्या आधीच्या दहा मिनिटांतल्या. मग तिनं हळूच म्हटलं, "असं असेल तर संध्याकाळी उलट व्हायला हवं. सातला दहा कमी असताना डब्यानं कमी दर लावला असणार. मावशींना तोटा झाला असणार. पण यादीत संध्याकाळची एकही ओळ नाही."

प्रभुलिंग खाकरला. "सुम्निरु," तो कानडीत पुटपुटला. म्हणजे गप्प बस. त्याला पुढचं वाक्य कळलं होतं.

पण ती गप्प बसली नाही. "साहेब, चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. जिथं जादा घेतलं तेवढ्याच ओळी काढायला मी त्याला सांगितलं होतं. जिथं दुकानदाराचं नुकसान झालं त्या ओळी तो टाकून देतो. मी तसं लिहायला नको होतं."

प्रभुलिंगनं डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकासमोर, निवड व्हायच्या दिवशी, स्वतःच्या मालातली खोट दाखवणारी बहीण त्याच्याच नशिबी आली होती. विद्याश्रीनं प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली आणि पुन्हा चालवला. कोपऱ्यातला प्रिंटर, माझाच थोरला भाऊ म्हणा ना, करकर करत कागद ओकू लागला. कागद टेबलावरून खाली गेला, धोंडुबाईच्या पायापर्यंत आला. सकाळच्या दोनशे बारा ओळी. त्यांच्याखाली संध्याकाळच्या दोनशे एकतीस. एकूणएक फोन त्या दोन दहा मिनिटांतले, बाहेरचा एकही नाही. शेवटी बेरीज. सगळी देवघेव वळती करून धोंडुबाईच्याच पदरचे त्रेसष्ट रुपये गेलेले.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातलं फोन तोडण्याचं पत्र काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली. "फोन चालू राहील बाई. घड्याळ तेवढं नीट करून घ्या. आणि नाहक त्रास झाला म्हणून हे त्रेसष्ट रुपये कंपनी पुढच्या हप्त्यात वळते करील."

"म्हंजे मी चोर न्हाय?"

"नाही."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. आकारामला काय झालं ते कळेना, तो ओरडला, "काय म्हणत्यात? तोडत्यात काय?" तेव्हा तिनं रडता रडता हसून मान हलवली, आणि तो माणूस मटकन माझ्याशेजारी टेबलावरच बसला. माझ्या अंगावरूनही जणू दोन वर्षांचं ओझं उतरलं. इतकं मोकळं मला जन्मल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

निघताना धोंडुबाई दारातून परत वळली. "पोरी, तो सकाळचा कागद मला दे."

"कशाला मावशी? आता तो रद्द झाला."

"तुझ्या येंत्रात रद्द झाला असंल. पोरांचं पैसं हायत न्हवं त्यात? सांजच्याला ज्यांनी कमी दिलं ती दुसरी माणसं. त्यांचं ह्यांच्यात कसं वळतं करू?"

विद्याश्रीनं तो कागद घडी करून तिच्या हातात दिला. मग तिनं नुसत्या त्या एका महिन्याच्या नव्हे, कंपनीकडं मागून दोन्ही वर्षांच्या सकाळच्या याद्या छापून पाठवल्या. त्या यादीत नावं नव्हती, फक्त लावलेले नंबर होते. पण धोंडुबाईला नाव कशाला हवं? ती आकड्यांवर बोट ठेवून सांगे, "ह्यो रामदुलारच्या सासरचा. ह्यो त्या उंच पोराच्या गावातल्या दुकानाचा." कुणाला दोन रुपये निघाले, कुणाला वीस. रामदुलारचे सर्वांत जास्त निघाले. तो हात मागे घेऊन म्हणाला, "मौसी, रहने दो. मैंने भी उस दिन चिठ्ठी दो बार पढ़ी थी." धोंडुबाईनं पैसे त्याच्या खिशात कोंबले. "वाचलीस ते बरं केलंस. रोज वाचत जा."

जी पोरं काम सोडून गावी गेली होती, त्यांच्या नंबरावर तिनं फोन लावला. दीड रुपया ठेवलाय, येशील तेव्हा घेऊन जा, हे सांगायला नऊ रुपयांचा फोन. त्या चिठ्ठ्याही मीच छापल्या, आणि त्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आवडत्या चिठ्ठ्या.

कृष्णातनं मान खाली घालून माझं घड्याळ जागेवर आणलं. भिंतीवरचं मात्र तसंच पुढं राहिलं. दोघांच्या मध्ये मास्तरांकडून लिहून घेतलेली पाटी लागली: भिंतीवरची वेळ पाळीची, डब्यातली वेळ पैशाची. आणि हो, जिल्ह्याचं काम बेकरीच्या माडीवरच्यांनाच मिळालं. साहेब म्हणाले होते, बाकीच्या दोघांनी आपला प्रोग्रॅम किती चांगला ते सांगितलं, हिनं कुठं चुकला ते सांगितलं. प्रभुलिंग तेव्हापासून ही गोष्ट स्वतःचीच युक्ती असल्यासारखी सांगतो.

पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. रांग आटली. धोंडुबाई रिचार्जची कार्डं विकू लागली आणि मी फळीवर गेलो. दोन वर्षं माझ्यावर कुणी फडकं फिरवलं नाही. पोटातला सेल संपला, आकडे विझले. मी रुसलो होतो, खोटं कशाला सांगू? मग २००७ साली विद्याश्री स्वतः आली आणि मला मागून घेतलं. आता मी तिच्या ऑफिसात, तिच्या टेबलासमोरच्या फळीवर आहे. ऑफिस मोठं झालंय, माणसं वीसेक झालीत. खंडेनवमीला संगणकांबरोबर मलाही झेंडूचं फूल मिळतं. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की विद्याश्री माझ्याकडे बोट दाखवून ही हकिकत सांगते आणि म्हणते, यादी दोन्ही बाजूंची काढायची.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवा, त्यांचे सेल बदला. आम्हाला तेवढंच पुरतं. आणि कुणाच्या नावापुढं वाईट काही लिहायची वेळ आली, तर त्यानं काय घेतलं याच्या ओळींबरोबर त्याचं काय गेलं याच्याही ओळी मागून घ्या.

मला विद्याश्रीच्या हाती देताना धोंडुबाईनं फडक्यानं शेवटचं पुसलं. पाठीवर थाप मारली. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "गुणाची म्हस हाय बघ. जेवढं सांगशील तेवढंच देती. फकस्त तिला खोटी येळ सांगू नगंस."